विमलताईंची पॅकेज

पहाटेचे चार वाजून चाळीस मिनिटं. दोन हजार सातचा नोव्हेंबर. केळापूरजवळच्या गावात विमलताई गोठ्यात कडबा कापत होत्या. समोरची जर्सी गाय आधीचा कडबा संपवून पुढच्या पेंढीकडे बघत होती. कापसाचं गणित बिघडल्यावर सरकारी पॅकेजमधून ती आली. तेव्हापासून गावात तिचं नाव पॅकेज. साहेब लोक पॅकेजवाले. कुणाला काही फुकट मिळालं की त्याला पॅकेज लागलं.

घरात दोघीच. विमलताई वावरात कापूस वेचायला गेल्या की गाईपाशी लेक निकिता थांबायची. तिचं पांढरकवड्याचं कॉलेज त्यामुळे निम्मं बुडालं होतं. उद्या मात्र वर्गात बोलायचं होतं, त्याला गुण होते. रोज एकानं एक इंग्रजी शब्द सांगायचा. अर्थ, उगम, वापर.

"कोणता घेतला?" विमलताईंनी विचारलं.

"पॅकेज."

विळा थांबला. "दुसरा नाही भेटला तुले?"

"आयक ना. पॅक म्हणजे गठ्ठा. लोकरीचे व्यापारी बोलत, त्यायच्याकडून इंग्रजीत आला म्हणतात. मंग पॅकेज म्हणजे बांधलेला माल. आता, एकात बांधून दिलेल्या साऱ्या गोष्टी. एक घेतली का बाकीच्या घ्याच लागतात."

"आपल्याले त गायच देली. तिच्यासंग काय बांधलं होतं?"

"चारा. सावली. अन् मी."

विमलताईंनी उरलेला कडबा गाईपुढे टाकला. दिवस उजाडताच दोर धरून त्यांनी गाय गावाबाहेर नेली. गावाची गुरं वळणारा नेमसिंग काठी टेकून उभा होता.

"उद्याच्या दिवस ने हिले."

"काकू, हे गाय नाही, पाव्हणी आहे. मांगं अर्ध्या वाटेत बसून गेलती. उचलाले क्रेन आणू काय?"

"बसली त बसू दे."

"मंग वाघाले पॅकेज लागलं म्हणा."

तो हसला. विमलताई नाही हसल्या. गाय परत बांधली, पाणी पाजलं, पुन्हा बाहेर आल्या, आभाळाकडे पाहिलं. ते भरून येत होतं. वावरात कापूस फुटून लोंबत होता. पाऊस आला तर भिजून काळा पडणार. त्या तडक हंसाबाईकडे गेल्या. वेचणीच्या बायकांची टोळी तिची.

"उद्या माह्या वावरात येऊ नका. मी घरी हाओ, गाईपाशी."

"काहून? आभाळ पाह्यलं का, ताई? उद्या दुसऱ्याकडे गेलो त चार दिवस आम्ही भेटत नाही."

"माहीत आहे."

घरी येऊन त्यांनी निकिताला पुस्तकं भरून ठेवायला सांगितलं.

पांढरकवड्याची एस.टी. उद्या सकाळी सव्वासातला फाट्यावर येते.