काकूंचा अंगठा

सकाळी चहाचं आधण ठेवते न ठेवते तोच फोन वाजतो. रोपवाटिका चालवणाऱ्या सुमनकाकूंनी फोटो पाठवलेला असतो. खाली एक ओळ: "सोनचाफ्याला कळी आली. वेबसाइटवर टाक गं." आणि फोटोच्या कोपऱ्यात हमखास काकूंचा अंगठा.

त्यांची वेबसाइट मी दोन वर्षांपूर्वीच पूर्ण करून दिली. निदान मला तसं वाटलं होतं. तेव्हापासून कधी जास्वंद, कधी लिंबू, दर आठवड्याला काहीतरी बदल असतोच. मी दरवेळी अंगठ्याला कात्री लावून फोटो चढवते. आज मात्र ठरवलं होतं, काकूंना सांगायचंच, आता बदल महिन्यातून एकदाच.

सांगण्याआधी फोटो मोठा करून पाहिला. अंगठ्याच्या नखात ओली माती होती. वाटलं, रोप लावलं आणि काम संपलं, असं काकू कधी म्हणाल्या असतील का? त्यांची बाग रोज थोडी नवी होते, मग वेबसाइट एकदाच होऊन कसं भागेल? दर आठवड्याला माझ्या घरी एक कळी येत होती आणि मी तिला कटकट म्हणत होते!

आज अंगठा कापलाच नाही. फोटो तसाच चढवला आणि खुशीत लॅपटॉप मिटला.

पाच मिनिटांत काकूंचा फोन. "अगं, माझा अंगठा दिसतोय की त्यात!"

"दिसू दे की काकू. छान दिसतोय."

त्या लाजून हसल्या. "मग थांब जरा. हात धुऊन दुसरा काढून पाठवते."