धनलालभाऊंनी उलटे टांगलेले पडदे

धनलालभाऊ रहांगडाल्यांना मी शेवटचं पाहिलं ते गोंदियाच्या एका दवाखान्यात. छातीचं दुखणं होतं, बोलायला मनाई होती, आणि ते बोलतच होते. दोन खाटांच्या मध्ये हिरवा पडदा होता. त्याच्याकडे बोट दाखवून म्हणाले, "बाई, हा पडदा कोनं लावला जी? उजवीकडून झोल आहे. सिस्टरले म्हना, दोन कड्या सरकव." मी म्हटलं, "भाऊ, इथे तुम्ही पेशंट आहात, नेपथ्यकार नाही." ते हसले आणि मग खोकलाच लागला... चौथ्या दिवशी सकाळी त्यांचा सोबती जागेश्वर कापगते याचा फोन आला, "भाऊ गेले जी." टायपिंग क्लासमधल्या मुलींना मी घरी पाठवलं आणि एकेका मशीनवर झाकण घालत गेले. रडू आलं नाही. सिस्टरने त्या कड्या सरकवल्या असतील का, एवढंच डोक्यात फिरत होतं.

आमची ओळख नव्व्याण्णवची. दिवाळी झाली की आमच्याकडे गावोगाव मंडई भरते, म्हणजे जत्राच, आणि मंडई म्हटली की नाटक आलंच. नाटक कंपन्या पुष्कळ. पण पडदे रंगवणारी, मंच आखणारी, बांबू बांधून सगळं उभं करणारी माणसं कुठल्याच कंपनीची नसतात. आज हिच्याकडे, परवा तिच्याकडे. धनलालभाऊ त्यांतले, दवनीवाड्याचे. मी तेव्हा कुडव्याहून लुनावर गोंदियात येऊन टायपिंगचा क्लास चालवत होते. एका दुपारी कोपरापर्यंत निळा रंग लागलेला हा माणूस दारात उभा राहिला. कामाचं बोलायच्या आधी त्यांनी मशीनची चौकशी सुरू केली. रिबीन कुठून फिरते, घंटी काऊन वाजते, चुकलेलं अक्षर कसं पुसता... मी वैतागून म्हटलं, "शिकायचं आहे का?" "नाही जी, पाहून राहिलो," म्हणाले, आणि मग खिशातून कागद काढला. जागेश्वर एका गावात वरचा बांबू बांधताना पडला होता, कंबरेचं हाड मोडलं होतं. नाटक बोलावणारं गावचं मंडळ म्हणे, तो कंपनीचा माणूस. कंपनी म्हणे, आमचा नाही, दोन दिवसांपुरता बोलावलेला. तो भावाच्या घरी खाटेवर पडून होता. "मंग थो कोनाचा माणूस आहे जी?" धनलालभाऊंनी मला विचारलं. त्या विचारण्यात राग नव्हता, त्यांना खरंच जाणून घ्यायचं होतं. सात सह्या असल्या तर कामगारांची संघटना नोंदवता येते, असं त्यांनी कुठे तरी ऐकलं होतं. पडलेल्या माणसासाठी बोलायला कोणी तरी हवं, म्हणून त्यांना ती हवी होती, आणि तिचा अर्ज मी टाइप करून द्यायचा होता.

सात सह्या म्हणजे किती वेळ लागणार, असं मला वाटलं. सगळा हिवाळा गेला. बांबूवर न घाबरता चढणारी ही माणसं पेन पाहिलं की मागे सरत. "नाव टाकलं तं कंपनी पुन्हा बोलावन का?" हा एकच प्रश्न. धनलालभाऊ कोणाला गळ घालत नसत. शेजारी बसून त्याचंच काम पाहत, रंगात डिंक किती घालतोस म्हणून विचारत, आणि उठताना कागद तिथेच ठेवून येत. आठ दिवसांनी जाऊन पाहत. अशा सह्या सात झाल्या, त्यांतली एक जागेश्वरने खाटेवरून केलेली.

मग आमगावला एका शाळेच्या हॉलमध्ये सभा ठरली. पदाधिकारी निवडायचे, ठराव करायचा, एवढंच काम. पण मंच मोकळा पाहून या लोकांचे हात थोडेच स्वस्थ बसणार! सकाळपासून त्यांनी असा देखावा उभा केला की मी दारातच थबकले. मागे तलाव, तलावावर पहाट, दोन्ही बाजूंना धानाची बांधी, म्हणजे भातखाचरं. नट आले, गाणारे आले, चार कंपन्यांचे मालकही आले. मंचावर यावं म्हणून नावं पुकारली, तर एकही जण पुढे येईना. आयुष्यभराची सवय! देखावा लागला की नेपथ्यकाराने आत जायचं, म्हणून सगळे पडद्यामागे जाऊन उभे. खुर्च्या रिकाम्या दिसल्यावर मालक मंडळी वर जाऊन बसली. भाषणं त्यांनी केली, टाळ्या त्यांना मिळाल्या, आणि जागेश्वरला आमचा नाही म्हणणारा मालकच अध्यक्ष झाला. दुधाची राखण मांजराकडे म्हणतात ती अशी. मी विंगेत जाऊन सगळ्यांना फैलावर घेतलं. धनलालभाऊ ओशाळून म्हणाले, "बाई, पडद्यासमोर कसे येऊ जी? आंगावर कामाचे कपडे होते." मी इतकी चिडले की त्यांच्याशी बोलणंच टाकलं.

पुढच्या दिवाळीनंतर त्यांचा निरोप आला: मंडईले या, बाई. दवनीवाड्याला त्याच अध्यक्षांच्या कंपनीचं नाटक होतं. मी दिवेलागणीला पोचले. माणसं बांबूच्या तट्ट्यांवर बसली होती, पुढे म्हाताऱ्या बाया. दर्शनी पडदा वर गेला आणि मागे महाल दिसायच्या जागी दिसलं कोरं मळकट कापड, ठिगळं, शिवण. सगळे पडदे उलटे टांगले होते. मधल्या पडद्याच्या पाठीवर हातभर अक्षरांत लिहिलं होतं, 'वरचा बांबू बांधताना जागेश्वर कापगते पडला. तो कोणाचा माणूस?' आधी कोणाला कळलं नाही. मग एक जण मोठ्याने वाचू लागला. पुढची एक म्हातारी उठून म्हणाली, "काऊन जी, थो पोरगा बरा झाला का नाही?" मालक माइकवर आले. "अरे भाई, शांती रखो, नाटक सुरू होऊ द्या!" पण लोक बसेनात. मंडईला घरोघरी पाहुणे आलेले, आणि त्यांच्यासमोर गावाला उत्तर हवं होतं. पेटीवाल्याने सूर धरला आणि सोडून दिला. शेवटी मालक मान खाली घालून म्हणाले, "जागेश्वर आमचाच माणूस आहे." तेव्हा कुठे पडदे सुलटे झाले. धनलालभाऊंना मी शोधलं तर ते प्रेक्षकांत एका कडेला उभे होते. म्हणाले, "बाई, पहिल्यांदाच पाहिलं. लोक पडदा वाचून राहिले!" माझा अबोला तिथेच संपला.

ही गोष्ट फुकट पदरात पडली नाही. अध्यक्ष गुपचूप बाजूला झाले, कागद नव्याने गेले, नोंदणीही झाली, पण सातांपैकी दोघांना त्या हंगामात कोणी बोलावलं नाही, आणि धनलालभाऊंना तर पुढचे दोन हंगाम. आमगावात दुकानांच्या पाट्या रंगवून त्यांनी दिवस काढले. मी विचारलं, पस्तावता का? ते म्हणाले, पाटीवरचं अक्षर लांबून कसं दिसते हे आता समजून राहिलं... त्यांना खरोखर वाईट वाटत होतं की नाही, हे मला शेवटपर्यंत कळलं नाही. हळूहळू कंपन्या एक कागद लिहून द्यायला लागल्या, की आमच्या मंचावर जो पडेल तो उठेपर्यंत आमचा. मसुदा मी टाइप केला. खाली संघटनेचा म्हणून फोन नंबर छापला, तो धनलालभाऊंचा. या कागदाला कंपन्यांनी पुष्कळदा फाटेही फोडले, आणि मग हा माणूस एसटीने त्या गावाला जाऊन कंपनीच्या मॅनेजरसमोर बसून राहायचा. भांडायचा नाही. प्रश्न विचारत राहायचा. ते भांडणापेक्षा वाईट असतं, असं एका मॅनेजरनेच मला सांगितलं.

तेरवीनंतर त्यांच्या मुलाने तो बटणांचा फोन माझ्याकडे आणून दिला. म्हणाला, "बाई, हा वाजतच राहते, मी काय सांगू?" कीपॅडच्या फटींत निळा रंग अजून आहे. मी तो चार्ज करून टेबलावर ठेवते आणि जागेश्वरने किंवा दुसऱ्या कोणी तो घेऊन जावा म्हणून रोज वाट पाहते. सगळ्यांना फोन केले, सगळे म्हणाले, येतो जी. ही माणसं अजून पुढे यायला लाजतात. गेल्या मंगळवारी भर दुपारी, क्लास चालू असताना, फोन वाजला. पडदे रंगवणारी एक बाई होती, कुठल्याशा गावाहून, रडत. "भाऊ, मी शिडीवरून पडली जी. हात उचलत नाही. आन् हे म्हनून राहिले, तू आमची नाही..." भाऊ गेले, एवढंच मला सांगायचं होतं. ते शब्द ओठांवर आलेही होते. समोर मुली टाइप करायचं थांबवून माझ्याकडे पाहत होत्या. मी तिला गावाचं नाव विचारलं, लुनाची किल्ली हातात घेतली आणि म्हटलं, "रडू नको. फोन मॅनेजरकडे दे."