अस्तर वाजवून बघणारा सिद्धाप्पा

उद्यमनगरात एक काळ असा होता की भट्टीचं अस्तर म्हटलं की सिद्धाप्पाला हाक. लोखंड वितळवायच्या उभ्या भट्टीला आतून चिकणमातीचं जाड अस्तर असतं. एकदा ओतकाम झालं की ते जागोजाग जळतं, खड्डे पडतात. भट्टी निवली की कुणीतरी आत उतरायचं, खड्डे भरायचे, ठोकायचे, वरनं पाण्याचा हात मारून गुळगुळीत करायचं. हे काम सिद्धाप्पाचं. अंगानं बोंबलासारखा वाळका, त्यामुळं कसल्याही भोकातनं आत जायचा. गडहिंग्लजच्या पलीकडं, कानडी मुलखाच्या शिवेवरचं गाव त्याचं. कपाळाला विभूतीचे तीन पट्टे ओढल्याशिवाय भट्टीत पाय टाकायचा नाही. आतनं काळाठिक्कर होऊन बाहेर आला तरी तेवढे तीन पट्टे दिसायचे.

अस्तर झालं की दुसऱ्या दिवशी सकाळी तो बारकी हातोडी घेऊन पुन्हा आत जायचा आणि बोटभर जागा न सोडता वाजवून बघायचा. भरीव असलं की टणटण, पोकळ असलं की बद्द. "डोळं फसत्यात, कान न्हाय," म्हणायचा. आणि कुणी विचारो न विचारो, त्याच्या पुढचं वाक्य ठरलेलं, "तीस वर्षांत माजं अस्तर पडल्यालं दाखवा. मिशी उतरून देतो."

मग विजेच्या भट्ट्या आल्या. जुन्या एकेक करून विझल्या आणि सिद्धाप्पाच्या हातोडीला काम उरलं नाही. वय पंचावन्न. गावाकडं जाऊन म्हशी राखाव्यात असं त्याच्या मनात आलंतं. पण सत्त्याण्णव साली गोकुळ शिरगावच्या गणपतरावांनी त्याला बोलावून घेतलं. गणपतरावांचा पत्र्याच्या टाक्या बांधायचा कारखाना. मी तिथं स्टोअर सांभाळायचो. आतापर्यंत साखर कारखान्यांचीच कामं आमच्याकडं. पहिल्यांदाच एका तेल रिफायनरीचं काम मिळालंतं: पुरुषभर रुंद, खाली निमुळती होत गेलेली सहा नळकांडी. सायक्लोन म्हणतात त्यांना. आणि सगळ्यांना आतनं अस्तर पाहिजे होतं.

सिद्धाप्पाच्या हाताखाली केरबा. कोगे गावचा गडी, तोंडानं लई फटकळ.

"आण्णा," केरबानं पहिल्याच दिवशी विचारलं, "ह्या नरसाळ्यांचं करत्यात काय गा?"

सिद्धाप्पानं रिफायनरीकडनं आलेल्या इन्स्पेक्टरला आधीच खोदून खोदून विचारलं होतं. बिडी विझवून तो बसला सांगायला.

"पेट्रोल, डिझेल काढून झालं की खाली दाट काळं तेल उरतंय. डांबराचा धाकटा भाऊ. त्यावर गाडी पळत न्हाय का दिवा जळत न्हाय. मग त्यावर तापल्याली भुकटी सोडत्यात. वाळूपरास बारीक, पण गुणाची. ती लागली की त्या तेलाचं तुकडं पडत्यात, आणि त्यातनं पेट्रोल निघतंय, गॅस निघतोय."

"आणि भुकटी?"

"भुकटीवर काजळी बसती. मग दुसऱ्या टाकीत नेऊन, हवा मारून ती काजळी जाळायची. भुकटी पुन्हा तापून तयार. पुन्हा तेलावर. चोवीस तास ह्योच खेळ."

"मग ही नरसाळी कुठं आली ह्यात?"

"आरं, एवढी हवा मारल्यावर भुकटी धुराड्यातनं उडून जाईल का न्हाई? ही तिला आत गरगर फिरवत्यात. धूर वरनं जातोय, भुकटी कडंला घासत घासत खाली. तुज्या गावातल्या भाताच्या मिलवर कोंडा पडतोय बघ, तसं. फकस्त हितली भुकटी सातशे डिग्रीची. नुसता पत्रा असला तर चाळण हुईल. म्हणून आपुन."

हे 'म्हणून आपुन' म्हणताना त्यानं मिशीवरनं हात फिरवला.

काम वेगळं होतं. पत्र्याला आतनं मधाच्या पोळ्यासारखी सहाकोनी घरांची जाळी डकवलेली, आणि त्यातलं प्रत्येक घर मसाल्यानं ठासून भरायचं. जाडी बोटभरच. मसाला गोणीतनं आलेला, पाणी मापानं घालायचं. इन्स्पेक्टर शशिधर हुबळीकडचा, तिशीतला, आडव्या बांध्याचा. त्यानं बजावून सांगितलं, "अज्जा, गोणीला एवढंच पाणी. वरून एक थेंब नको. जास्त झालं तर हा मसाला धरत नाही."

"आयतु तम्मा," सिद्धाप्पा म्हणाला, म्हणजे 'बरं, धाकल्या भावा'. मग दोघं कन्नडमध्ये सुरू झाले.

"ह्ये कानडीत बोलाय लागलं की माजीच चहाडी चाललीया असं वाटतंय," केरबा पुटपुटला.

बावीस दिवसांत सहाही सायक्लोन भरून झाले. मंद आच देऊन वाळवले. शशिधरनं आत जाऊन ठोकून बघितलं, खडूनं खुणा केल्या आणि कागदावर सही केली. फक्त खालच्या निमुळत्या नरड्यात त्याचे खांदे जाईनात. तिथं हात पोचला तेवढंच वाजवलं, बाकीचं बॅटरीनं बघितलं. वरनं दिसायला झकास होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी ट्रेलर दारात. गणपतराव नारळ घेऊन उभे. पहिलं रिफायनरीचं काम वेळेत निघालंतं. हे नीट पोचलं तर पुढची दारं उघडणार होती. तेवढ्यात सिद्धाप्पा हातोडी घेऊन सायक्लोनकडं निघाला.

"आता आणि कुठं?" गणपतरावांनी हटकलं.

"वाजवून येतो."

"आरं साहेबानं वाजवलंय की काल!"

"त्येंनी त्येंचं वाजवलं. मी माजं वाजवतो."

पाच झाले. बाहेर आम्हाला टणटण ऐकू येत होती. सहाव्याच्या नरड्यात तो पाय वर, डोकं खाली असा घुसला. टण. टण. टण. मग बद्द. थांबला. पुन्हा मारलं. बद्द.

आत त्याला काय आठवलं ते त्यानंच नंतर सांगितलं. शेवटच्या दिवशी दुपारी पत्रा असा तापलाता की मसाला घमेल्यातच वाळायला लागला. केरबा नवी गोणी आणायला गेलेला. आणि सिद्धाप्पाच्या हातानं, तीस वर्षांच्या सवयीनं, बादलीत बुडून मसाल्यावर पाणी शिंपडलं. वरनं ओला हात फिरवून गुळगुळीत बी केलं. मातीच्या अस्तराला ते लागतंच. ह्या मसाल्याला ते विष. कुणी बघितलं नव्हतं. त्या नरड्यात त्याच्याशिवाय कुणी मावतही नव्हतं. सही झालीती, नारळ तयार होता. गप बसला असता तर तीस वर्षांचं वाक्य तसंच राहिलं असतं, निदान भुकटी त्या नरड्यातनं पळेपर्यंत.

तो बाहेर आला. अंगभर धूळ, कपाळावर तीन पट्टे.

"मालक, नारळ खाली ठेवा."

"का गा? कोण गेलं का काय?"

"सहावा पोकळ हाय. नरड्यात."

गणपतरावांचा चेहरा पडला. "सही केलीया की साहेबानं!"

"साहेबाचं खांदं आत जात न्हाईत. माजं जात्यात."

"कुणी भरलंतं ते?" गणपतरावांनी सरळ केरबाकडं बघितलं. केरबा पार गोरामोरा.

"त्याच्याकडं बघू नगा," सिद्धाप्पा म्हणाला. "मी भरलं. पाण्याचा हात मारला. जुनी खोड."

गणपतराव तापले. त्यांचंही चुकलं नाही. ट्रेलरवाला ताटकळत उभा होता. "तीस वर्षांत अस्तर पडलं न्हाय, तीस वर्षांत अस्तर पडलं न्हाय म्हणून कान किटवलंस आमचं! आणि आज, ट्रेलर दारात आल्यावर?"

"अजून बी पडलं न्हाय की," सिद्धाप्पा म्हणाला. "पडायच्या आधी मीच पाडतोय."

गणपतरावांनी नारळ माझ्या हातात दिला आणि शशिधरला बोलवायला लॉजवर फटफटी पाठवली.

शशिधर आला. नरड्याच्या खालच्या तोंडाशी गुडघ्यावर बसून त्यानं बॅटरी वर धरली. आत सिद्धाप्पानं छिन्नी लावून एक घर फोडलं. मसाला शिळ्या भाकरीसारखा भुगा होऊन शशिधरच्या मांडीवर पडला. त्यानं तो भुगा बोटांत चोळून बघितला. मग खिशातनं कालचा कागद काढला आणि स्वतःच फाडला.

त्रेचाळीस घरं फोडली. ट्रेलर माघारी गेला. त्रेचाळीसच्या त्रेचाळीस पुन्हा भरली, ती सिद्धाप्पानंच. केरबा पाण्याची बादली घेऊन दहा पावलं लांब उभा.

"आण्णा, बादलीकडं बघितलंस जरी तर बोटं मोडीन."

"मोड लेका. पण आधी मसाला दे."

पुन्हा आच, पुन्हा वाळवण. चार दिवसांनी सकाळी शशिधरनं पेन काढलं, टोपण उघडलं, आणि तसाच थांबला.

"अज्जा, आधी तुम्ही आत जाऊन या. तुम्ही म्हणाल तेव्हा सही."

सिद्धाप्पा पुन्हा पाय वर, डोकं खाली. सगळा कारखाना हातातलं काम टाकून कान देऊन उभा. वेल्डिंगवाल्यांनी मशीन बंद केली. टण, टण, टण. मी मोजत होतो; पस्तिसाच्या पुढं मोजणं चुकलं, पण बद्द एकदाबी आलं नाही. बाहेर येऊन तो फक्त म्हणाला, "घाला सही."

नारळ गणपतरावांनी त्याच्याच हातानं फोडायला लावला.

त्यानंतर आमच्या कारखान्यात नियमच झाला: इन्स्पेक्टर कुठलाही असो, सिद्धाप्पाची हातोडी फिरल्याशिवाय कागद पुढं जायचा नाही. शिवाजी पेठेतल्या चहाच्या गाड्यावर त्याचं वाक्य मात्र थोडं बदललं. "तीस वर्षांत माजं एक बी अस्तर पडलं न्हाय. एक पाडलंय, ते मीच." आणि हे सांगताना आवाज पहिल्यापेक्षा मोठा.

दोन हजार एक साली रिफायनरी दुरुस्तीसाठी बंद झाली आणि ते सायक्लोन चार वर्षांनी पहिल्यांदा उघडले. शशिधरचा फोन आला. सहाही धड. सहाव्याच्या नरड्यात झीज जेमतेम नखभर. गणपतराव फोनवरच ओरडले, पेढे आणायला माणूस पाठवला, आणि रिसीव्हर सिद्धाप्पाच्या हातात दिला.

सिद्धाप्पानं हात धोतराला पुसले, रिसीव्हर कानाला लावला आणि पलीकडचं सगळं कौतुक ऐकून घेतलं.

"तम्मा," तो म्हणाला, "नुसतं बघितलंस का वाजवून बघितलंस?"

पलीकडनं काहीतरी उत्तर आलं.

"आणि नरड्यात कोण गेलतं? तुजं खांदं तर जात न्हाईत."

पुन्हा उत्तर.

"बारका माणूस घातला व्हय? मग बरूबर," म्हणून त्यानं रिसीव्हर ठेवला, आणि केरबाला म्हणाला, "चल, नव्या कामातला सातवा सायक्लोन भरायचा हाय. पाण्याचं माप घे."