चेहऱ्याचा रकाना

आत्या बसडेपोच्या फाटकावर नोंदी ठेवायची. गाडी बाहेर काढण्याआधी प्रत्येक ड्रायव्हरचा चेहरा नीट बघायचा आणि तो कसा दिसतो ते वहीतल्या रकान्यात इंग्रजीत लिहायचं, असा नवा नियम आला होता. झोपाळलेला दिसला तर चावी द्यायची नाही, विश्रांतीच्या खोलीत झोपायला पाठवायचं.

आत्याचं इंग्रजी जेमतेम. मी तेव्हा इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला होते. मोठ्या उत्साहाने तिला अठरा शब्दांची यादी करून दिली. डोळे सुजलेले, पफी. नजर हरवलेली, ग्लेझी. पापणी उतरलेली, ड्रूपी. पेंगुळलेला, ड्राउझी. तिने ती टेबलाच्या काचेखाली सरकवली.

"ताई, आज मी कोण?" ड्रायव्हर विचारायचे.

"पफी. बायकोशी भांडलास वाटतं?"

"भांडली ती. मी नुसतं ऐकलं."

माझे बाबाही तिथेच ड्रायव्हर. धाकट्या बहिणीसमोर रोज तोंड वेडंवाकडं करून उभे राहायचे. "लिही, देखणा!"

"तो शब्द यादीत नाही, दादा. तुझ्या लेकीने घातलाच नाही."

एका मंगळवारी सकाळी बाबा आले तेव्हा त्यांची उजवी पापणी उतरली होती, ओठाचा कोपरा लोंबत होता. "चावी दे" एवढंही धड उमटेना. आत्याला वाटलं, थोडी झोप, बाकीचं नेहमीचं सोंग.

"पुरे आता, दादा. जागरण केलंस ना? भाऊ म्हणून सोडलं, असं कुणी म्हणायला नको."

तिने यादीवर बोट फिरवलं. ड्रूपी, ड्राउझी. दोन्ही शब्द चपखल बसले. ते तिने सुवाच्य अक्षरात लिहिले, बाबांना हाताला धरून खाटेवर नेलं, अंगावर चादर घातली. कुणी उठवू नये म्हणून दार ओढून घेतलं.

चार तास कुणी उठवलं नाही.

मेंदूचा झटका होता. लगेच आणलं असतं तर बरंच वाचलं असतं, असं डॉक्टर म्हणाले. बाबा जगले, पण वाचा गेली आणि उजवी बाजूही.

आत्या मला एका शब्दाने बोलली नाही. मीच ती यादी पुन्हा वाचली. थकव्याचे अठरा शब्द आणि आजाराचा एकही नाही. चेहरे ओळखणाऱ्या मशीनला जे शिकवलं नाही ते त्याला दिसत नाही, हे मी परीक्षेत लिहून पैकीच्या पैकी मार्क मिळवले होते.

आत्या अजून फाटकावरच आहे. काचेखाली आता काही नाही.

"आधी हास बघू. दोन्हीकडचे दात दिसू देत. आता बायकोचं नाव सांग."

"कितवीचं?"

सगळे खिदळतात. ती मात्र उत्तर मिळेपर्यंत चावी सोडत नाही.

संध्याकाळी ती आमच्याकडे येते, बाबांसमोर स्टूल ओढून बसते.

"दादा, हास ना."

बाबा हसतात. डावीकडूनच. उजव्या कोपऱ्यातून ओघळलेली लाळ ती रुमालाने हलकेच टिपते आणि त्यांच्या चेहऱ्याकडे बघत राहते.

"देखणा," ती म्हणते.