चौदा नंबरच्या बसचे टायर

आमच्या कंपनीच्या पार्किंगमध्ये सावलीची जागा एकच आहे. गॅरेजचा पत्रा जिथे पुढे आला आहे तिथे बरोबर एक बस मावते. बाकीच्या गाड्या शिफ्ट सुटेपर्यंत चाकणच्या उन्हात भाजत उभ्या असतात. ती जागा कुणाला मिळणार हे ट्रान्सपोर्ट ऑफिसच्या दाराशी असलेला फळा ठरवतो. महिन्याच्या पहिल्या तारखेला साहेब त्यावर प्रत्येक गाडीचं डिझेलचं ॲव्हरेज लिहितात. नावं नसतात, फक्त गाडीचे नंबर. ज्याचा नंबर सगळ्यात वर, त्याची गाडी महिनाभर पत्र्याखाली.

नऊ नंबर माझी. पहाटे थेरगावातून निघायचं, डांगे चौक, काळेवाडी फाटा, भोसरी, मोशी असं करत पहिल्या शिफ्टची माणसं चाकणला पोचवायची आणि दुपारी परत आणायची. चार वर्षं ती सावली माझी होती, एखाददुसरा महिना सोडला तर. मी त्या जागेत खिळा ठोकून पिशवी टांगली होती. नवीन ड्रायव्हर आला की बाकीचे त्याला सांगायचे, तो खिळा बघ, तिथं गाडी लावायची नाही.

मग टायरचा नवा नियम आला. साहेबांनी आम्हाला उभं करून समजावून सांगितलं. रस्त्यावर फिरताना टायर गाडीला किती अडवतो, ओल्या रस्त्यावर किती धरतो आणि आवाज किती करतो, या तिन्ही बाबतींत तो पास झाला पाहिजे. जो कमी अडवतो तो डिझेल वाचवतो, धूर कमी होतो. कंपनीने ठरवलं की इथून पुढे असेच टायर घ्यायचे. ज्याचे जुने झिजतील त्याला आधी.

पहिले मिळाले ते चौदा नंबरला. तो परभणीकडचा, माझ्याहून पाच-सहा वर्षांनी लहान, नोकरीला लागून पुरती दोन वर्षंही झाली नव्हती. काळेवाडीत भाड्याने राहायचा. त्याला गाडीच जुन्या टायरची मिळाली होती, म्हणून त्याचे आधी झिजले. माझे झिजले नव्हते, कारण मी ते जपले होते. वडील बैलाच्या खुरांकडे बघायचे तसा मी टायरकडे बघत आलो. वळण सांभाळून, खड्डा चुकवून, स्पीडब्रेकरवर गाडी अलगद उतरवून. आणि त्याचं बक्षीस काय, तर नवे टायर दुसऱ्याला.

पुढच्या महिन्यात फळ्यावर चौदा वर आणि नऊ खाली. मी खिळ्यावरची पिशवी काढून आणली. खिळा काढायला गेलो तर निघेना. चौदा नंबरवाला म्हणाला, "राहू द्या की दादा, मी डबा टांगतो त्याला." माझ्या खिळ्याला त्याचा डबा. माझ्या अंगाची लाही झाली.

मी साहेबांकडे गेलो. म्हणालो, "साहेब, चौदाचं ॲव्हरेज त्याचं न्हाई, टायरचं हाय. माझ्या गाडीला ते टायर टाका, मग बघू." साहेब बाहेर येऊन माझ्या टायरच्या खाचेत बोट घालून म्हणाले, "अजून वर्षभर बघायला नको. तुम्ही गाडी छान ठेवता, राव." इतकं झोंबणारं कौतुक माझं कुणी केलं नसेल.

त्यानंतर मी जे केलं ते सांगायला लाज वाटते, पण सांगतो. टायर लवकर झिजावेत म्हणून मी जोरात ब्रेक मारायला लागलो. मोशीच्या सिग्नलला गाडी अशी थांबवायचो की मागचे लोक पुढच्या सीटवर आपटायचे. काळेवाडीहून चढणाऱ्या एक बाई, माझ्या गाडीला जुन्या, म्हणाल्या, "आज काय झालंय तुम्हाला? घरी सगळं बरं ना?" मी म्हणालो, "व्हय, बरं हाय." टायर काही झिजले नाहीत. ॲव्हरेज मात्र पडलं आणि नऊ नंबर फळ्यावर पाचवा आला. चौदा वरच.

मला त्याचं काहीच बघवेना. त्याची चादर, त्याचा डबा, त्याचं ते गाडीभोवती फिरणं. आम्ही जुने ड्रायव्हर टायरवर लोखंडी रॉड मारतो आणि आवाजावरून हवा ओळखतो. याच्याकडे हवा मोजायचं मीटर होतं. मी सगळ्यांसमोर म्हणायचो, "कान न्हाईत का ह्याला?" लोक हसायचे, तोही हसायचा. त्याचं तोंड दिसू नये म्हणून मी नाष्टा झाल्यावर कँटीनमध्येच पत्ते कुटत बसायला लागलो.

आणि मग एके दुपारी मी त्याच्या टायरची हवा सोडली. जेवून सगळे आपापल्या गाडीत आडवे झाले होते. तो पत्र्याखाली, खिडक्या उघड्या टाकून झोपलेला. मी मागच्या चाकाशी बसलो, आवाज होऊ नये म्हणून व्हॉल्व्हवर पंचा धरला आणि किल्लीच्या टोकाने पिन दाबली. फार नाही, आठ-दहा पौंड. हवा कमी झाली की टायर जड चालतो आणि डिझेल जास्त पितो, हे मी वीस वर्षं लोकांना शिकवत आलो होतो. त्या गाडीतून पन्नास माणसं जाणार होती. एवढ्या हवेने काही होत नाही, असं मी मनाशी म्हणालो. दुसऱ्या दिवशी पुन्हा केलं. तो महिनाभर, जमेल त्या दुपारी, मी ते करत राहिलो. ब्रेक मारणं मात्र सोडून दिलं, कारण आता त्याची गरज नव्हती.

पहिल्या तारखेला फळ्यावर नऊ वर आला. चौदा दुसरा. कुणी तरी माझ्या पाठीवर थाप मारली. साहेब म्हणाले, "बघा, जुन्या टायरवर." मी गाडी पत्र्याखाली लावली, पिशवी खिळ्याला टांगली आणि लोकांना सांगत सुटलो की टायरबियर काही नसतं, चालवणाऱ्याचा पाय लागतो.

दुपारी चौदा नंबरवाला आला. मला वाटलं, कळलं याला. तो चाकाशी उकिडवा बसला आणि म्हणाला, "दादा, बोलू का नको असं व्हायलंय. तुमच्या मागच्या जोडीतल्या आतल्या टायरला हवाच राहात नव्हती बघा."

"रॉड मारतो की मी रोज," मी म्हणालो.

"रॉड बाहेरच्याला लागतो, दादा. आतल्याचा अंदाज येत नाही." मग त्याने सगळं सांगितलं. गेल्या महिन्यात त्याच्या टायरची हवा सारखी उतरत होती. सकाळी भरावी, तर दुसऱ्या दिवशी कमी. त्याने व्हॉल्व्ह बदलून बघितला, तरी तेच. त्याला वाटलं, स्टोअरमधून आलेले व्हॉल्व्हच खराब आहेत, मग बाकीच्या गाड्यांचेही तसेच असणार. म्हणून सकाळी टायर गार झाले की तो गॅरेजचा पाइप ओढत सगळ्या गाड्या तपासायला लागला. तेव्हा त्याला माझा आतला टायर सापडला, किती महिने बसलेला कोण जाणे. "मग रोज भरत गेलो. तुम्ही पत्त्यात असायचे, म्हणलं कशाला उठवायचं."

म्हणजे मी त्याची हवा सोडली नसती तर त्याने माझी बघितलीच नसती. मी पहिला आलो तो त्याच्या हाताने. आणि इतके महिने मी नव्या नियमाला आणि नव्या टायरला शिव्या घालत होतो, तेव्हा माझाच टायर माझ्या कानाखाली बसलेला होता.

मी सांगायला तोंड उघडलं. व्हॉल्व्ह चांगले आहेत, एवढंच म्हणायचं होतं. तोंडून निघालं, "जेवलास का?"

"जेवलो की." त्याने घाम पुसला. "दादा, उन्हात गाडी लई तापली. इथं तुमच्या चाकापाशी चादर टाकू का?"

मी मान हलवली. त्याने चादर अंथरली, मीटर उशाशी ठेवलं आणि पाच मिनिटांत घोरायला लागला. मी सीटवर आडवा झालो. पत्र्याखाली चांगला गारवा होता, चार वर्षं मी तिथे ढाराढूर झोपलेलो होतो. त्या दिवशी डोळ्याला डोळा लागला नाही. खाली त्याचं घोरणं ऐकत पडलो होतो, आणि त्या झोपेचा मला जितका हेवा वाटला तितका त्याच्या टायरचाही कधी वाटला नव्हता.