दाढी करणारा जवान

हे मी नवऱ्यालाही सांगितलेलं नाही. आईला सांगणार होते — बोरीवलीच्या घरी तिच्याशेजारी बसून मटार सोलताना, एकदा नाही, दोनदा — पण विषय बदलला. म्हणजे मीच बदलला. तुम्हाला सांगते, कारण तुम्ही मला ओळखत नाही. ओळखत असाल, तर हीच गोष्ट माझ्या तोंडून वेगळी ऐकली असेल. ती खोटी होती.

बारा वर्षांपूर्वी मी एका युद्धपटावर काम करत होते. एकाहत्तरच्या लढाईवरचा सिनेमा. श्रेयनामावलीत माझ्या नावापुढे ‘संशोधनप्रमुख’ असं आहे, अजूनही आहे. संशोधन मी किती केलं? मी फोन केले. संशोधन रेजिनाबाईंनी केलं.

साकीनाक्याला एका गाळ्यांच्या इमारतीत, लेथ मशीनच्या कारखान्याच्या वर, जुन्या फिल्म्सची एक खाजगी लायब्ररी होती. पत्र्याचे गोल डबे, पार छतापर्यंत. फिल्म कुजायला लागली की तिला आंबूस वास सुटतो. तो जिन्यातच यायचा. रेजिनाबाई तीस वर्षं तिथल्या ग्रंथपाल. सिनेमावाले त्यांना ‘डबेवाली बाई’ म्हणायचे. मीही म्हटलेलं आहे, त्या नसताना. मरोळ गावठाणातल्या ख्रिस्ती बाई, घरात मराठीच. मला ‘पोरी’ म्हणायच्या. माझ्या पहिल्या सिनेमातून माझं नाव गाळलं तेव्हा मी त्यांच्याच टेबलाशी जाऊन रडले होते. त्यांनी काही समजूत वगैरे घातली नाही. स्वतःच्या डब्यातली तांदळाची भाकरी मोडून अर्धी माझ्यापुढे ठेवली आणि कामाला लागल्या.

म्हणजे नाव पुसलं गेलं की काय होतं, हे मला माहीत होतं. हे लक्षात ठेवा. याने माझी बाजू सावरत नाही, उलट बिघडते.

दिग्दर्शकाला सिनेमाच्या शेवटी खरं चित्रण हवं होतं. प्रत्यक्ष युद्धात काढलेलं. त्यावरून शहीद जवानांची नावं सरकत जाणार. जाहिरातीतही तसंच छापायचं ठरलं होतं — शेवट अस्सल आहे म्हणून. रेजिनाबाई दोन महिने बसल्या. डबे उघडले, जुन्या वर्तमानपत्रांशी ताडून पाहिले, कुठल्या छायाचित्रकाराला कुठे पाठवलं होतं त्याचे कागद शोधले. हाती आली ती चाळीस सेकंदं. धूर, ट्रकांची रांग, नदी ओलांडणाऱ्या जवानांच्या पाठी. पण शंभर टक्के खरी. ‘हे छातीवर हात ठेवून देते,’ असं म्हणून त्यांनी ती दिली.

दिग्दर्शकाने पाहिली आणि म्हणाला, यात चेहरा कुठाय? पाठी बघून कोण रडणार?

आता मी त्या जागेशी येते — आणि बघा, अजून थोडं फिरावंसं वाटतंय. लायब्ररीचं वर्णन करावंसं वाटतंय. नको.

रेजिनाबाईंनी नको म्हणून बाजूला ठेवलेल्या डब्यांत मला एक तुकडा सापडला. ट्रकच्या दाराला छोटा आरसा टांगलेला, एक तरुण जवान दाढी करतोय, एका गालावर साबण, आणि कॅमेरा दिसताच तो वळून हसतो. बस, इतकंच. मागे एक निष्पर्ण झाड, फुलांनी लगडलेलं. इतका जिवंत चेहरा मी आजवर पाहिला नव्हता. आणि झाकणाच्या आतल्या बाजूला रेजिनाबाईंच्या अक्षरात चिठ्ठी चिकटवलेली होती — युद्धातलं नाही, नंतरचा सराव, वापरू नये. खाली कारणं. फिल्मच्या कडेला कंपनी बारीक खुणा छापते, त्यावरून ती कुठल्या वर्षी बनली ते कळतं; ही फिल्म युद्ध संपल्यानंतर बनलेली होती. शिवाय मागचं झाड पळसाचं. पळस फुलतो शिमग्याच्या आसपास, युद्ध झालं डिसेंबरात.

एका झाडावरून त्यांनी ते ओळखलं होतं. या कामाला आपल्याकडे काय किंमत आहे? काहीच नाही. पण मला त्या क्षणी ती किंमत कळली होती — आणि तरीही मी नखाने ती चिठ्ठी सोडवली, घडी घातली आणि पर्समध्ये टाकली.

दिग्दर्शकाने विचारलं, “हे युद्धातलंच ना?”

मी म्हटलं, “हो.”

सिनेमा चालला. लोक शेवटी रडले. रेजिनाबाईंचं नाव आभारांच्या यादीत होतं, तीस वर्षांत पहिल्यांदा. त्या घरच्या सगळ्यांना घेऊन थिएटरात गेल्या. तिथे त्यांनी तो चेहरा पाहिला असणारच. दुसऱ्या दिवशी त्यांचे चार फोन आले. मी एकही उचलला नाही.

तिसऱ्या आठवड्यात मुलुंडहून एक गृहस्थ आमच्या अंधेरीच्या ऑफिसात आले. साळवी, सैन्यातले निवृत्त हवालदार, साठी ओलांडलेले, सोबत मुलगी. शांतपणे खुर्चीत बसले. म्हणाले, तो दाढी करणारा मी आहे. लढाईनंतर दोन वर्षांनी सरावाला गेलो होतो, तेव्हाचं आहे ते. माझी काही तक्रार नव्हती, माझा चेहरा दिसला तर दिसला. पण जी नावं त्यावरून नेलीत, त्यातला एक माझ्या गावचा. आम्ही एकत्र भरती झालो होतो.

मग म्हणाले, “मी हसतोय, आणि माझ्या तोंडावरून त्याचं नाव जातंय. एवढं काढा.”

त्यांनी दुसरं काही मागितलं नाही.

दिग्दर्शक हादरला. दोन दिवसांनी त्याने लायब्ररीच्या मालकाला आणि रेजिनाबाईंना बोलावून घेतलं. मी टेबलाच्या या बाजूला. हे कसं झालं, असं त्याने मला विचारलं. सगळे माझ्याकडे बघत होते, त्याही. त्यांच्या चेहऱ्यावर राग नव्हता. मी खरं सांगणार याची त्यांना खात्री होती, म्हणून त्या नुसत्या वाट बघत होत्या.

मी म्हटलं, लायब्ररीकडून ते युद्धाचं म्हणूनच आलं.

“मी चिठ्ठी लावली होती, पोरी,” त्या म्हणाल्या.

मी म्हटलं, “चिठ्ठी नव्हती, रेजिनाबाई.”

पर्स माझ्या मांडीवर होती. चिठ्ठी तीत होती. भीती वाटत होती का? हो. पण भीतीत माणूस अडखळतो, मी अडखळलेही नाही. उलट आवाजात थोडी सहानुभूती आणली — वय झालं की होतं असं, अशा सुराची. त्यांनी चष्मा काढून पुसला आणि मालकाला म्हणाल्या, चला. एवढंच. माझ्या विरुद्ध एक शब्द नाही. जिच्यापुढे अर्धी भाकरी ठेवली होती तिच्याशी भांडायची त्यांना लाज वाटली असेल — की माझी कीव आली असेल, देव जाणे.

मालकाने त्यांना महिन्याभरात घरी बसवलं. माफीनाम्यात लायब्ररीची चूक असं छापून आलं. सिनेमाची दुरुस्त प्रत निघाली, तिच्यात शेवटी ती पाठींची चाळीस सेकंदं आली. त्यांनीच शोधलेली. आणि आभारांच्या यादीतून त्यांचं नाव गेलं. मला विचारलं होतं, ठेवायचं का. मी म्हटलं, वाद नको.

त्यानंतर साळवींचा एकदा फोन आला, आभार मानायला. बोलता बोलता म्हणाले, लायब्ररीतल्या त्या बाई मुलुंडला घरी येऊन गेल्या. माफी मागितली. मग वही काढून बसल्या — सरावाची जागा कुठली, ट्रकमागे उभे होते ते दोघे कोण, त्यांची गावं कुठली, सगळं उतरवून घेतलं. डब्यावर बरोबर लिहून ठेवायचं म्हणाल्या. तेव्हा त्यांची नोकरी जाऊन आठवडा झाला होता.

“तुमच्याबद्दल काही बोलल्या नाहीत हां त्या,” साळवी म्हणाले. मी विचारलं नव्हतं. पण मला तेच ऐकायचं होतं, हे त्यांना कळलं असावं.

चिठ्ठी मी त्याच सुमारास फाडली.

आता मी अंधेरीत एका संस्थेत सिनेमाच्या मुलांना शिकवते. दरवर्षी ही गोष्ट सांगते. खात्री करून घ्या, म्हणते, कारण आमच्या वेळी एका म्हाताऱ्या ग्रंथपालबाईच्या हलगर्जीपणामुळे असं असं झालं. पोरं हसतात. म्हणजे ते खोटं मी एकदाच बोलले नाही. बारा वर्षं बोलते आहे, आणि त्याचा पगार घेते आहे.

गेल्या महिन्यात वर्गातल्या एका मुलीने विचारलं, मॅडम, तीस वर्षं काम केलेल्या बाई असं काही न तपासता देतील का?

मी म्हटलं, “दिलं ना.” आणि पुढचा विषय घेतला.

रेजिनाबाई मरोळलाच असतात. गुडघे दुखतात, चर्चपर्यंत चालत जातात, असं कुणीतरी सांगितलं. संस्थेपासून त्यांचं घर रिक्षाने वीस मिनिटांवर आहे. मी गेलेले नाही.