खिशातल्या लवंगा

चूक माझी होती. ती कबूल करायला मला अठ्ठावीस वर्षं लागली आणि तेवढी वर्षं लवंगेचा वास माझा पाठलाग करत राहिला.

चैत्र सरता सरता लालबागच्या डंकांवर वर्षाचा मसाला कुटला जाऊ लागतो, आणि भाजलेल्या मिरचीच्या ठसक्यामागून लवंगेचा तो गडद, उष्ण गंध आला की माझ्या डोळ्यांपुढे गोदी उभी राहते. इंग्रजांच्या काळातले काळ्या दगडाचे धक्के, खजुराचा चिकट गोडवा, भिजल्या तागाची आंबूस ऊब, आणि या सगळ्यावर पसरलेला खारा, पांढरा उजेड. आता बहुतेक माल खाडीपलीकडच्या बंदरात लोखंडी पेट्यांतून येतो. त्याला वास नसतो.

मी तिथे टॅली कारकून होतो. जहाजावरून उतरणारी गोण्यांची प्रत्येक खेप हवेत लोंबकळत असतानाच न्याहाळायची आणि फाटकी गोणी दिसली तर ती जमिनीला टेकण्यापूर्वी कागदावर शेरा मारायचा. टेकल्यानंतर दोष उचलणाऱ्यांचा, असा रिवाज. त्या सकाळी आफ्रिकेहून लवंगा आल्या होत्या. पहिल्याच खेपेतली एक गोणी गळत होती, आणि चार-सहा लवंगा माझ्या सदऱ्याच्या खिशात पडल्या. ऊन डोळ्यांवर येत होतं. शेवटी एकदम लिहू म्हणून मी शेडमधल्या पंख्याखाली जाऊन बसलो, आणि दुपारी सगळ्या खेपांपुढे 'ठीक' लिहून मोकळा झालो.

संध्याकाळी फाटक्या गोण्यांचा ढीग निघाला. हमालांच्या टोळीने लोखंडी हूक खुपसून गोण्या ओढल्या, असा ठपका आला. टोळीचे मुकादम भिकाजी परब. लवंगेचा माल आला की सगळ्यांचे हूक शेडच्या खिळ्यांना टांगायला लावणारा माणूस. त्या दिवशीही मी बसलो होतो तिथेच ते टांगलेले होते. चौकशीत साहेबांनी मला विचारलं, वरून काही फाटकं आलं होतं का? नोकरीत मी कच्चा होतो. नाही म्हणालो. परबांनी माझ्याकडे एकदाच पाहिलं. त्यांचं मुकादमपण गेलं, आणि उरलेली नोकरी त्यांनी दुसऱ्याच्या हाताखाली पाठीवर गोण्या वाहून काढली. चाळीत त्यांना 'हूकवाले' म्हणतात, असंही पुढे कानावर आलं. गोण्या फाटक्या निघाल्या त्या रात्री सदरा धुवायला घेताना आईने खिशातल्या लवंगा काढून फडताळात ठेवल्या होत्या. त्या मी कधी चहातही टाकू दिल्या नाहीत.

प्रभादेवीहून आम्ही दर उन्हाळ्यात मसाल्यासाठी लालबागच्या त्या डंकांच्या गल्लीत जातो. डंकासमोरच्या चाळीच्या गॅलरीत परब बसलेले असतात आणि मी पिशव्या सांभाळत खालून निघून जातो. यंदा बायकोला रांगेत उभी करून मी जिना चढलो.

"साठे ना?" मी वर पोचताच त्यांनी मला ओळखलं. "दरवर्षी मान खाली घालून जातास. माका वाटला, मानेक काय झाला की काय."

मी त्यांच्यापुढे जमिनीवरच बसलो. गोणी मी गळताना पाहिली होती, खिशात लवंगा होत्या, हे सगळं हळू आवाजात सांगितलं. डंकाचे ठोके खालून येत होते. परब कठड्याचा गज अंगठ्याने घासत होते.

"माका म्हायत होता," ते म्हणाले. "पण माका म्हायत असान काय उपयोग? आता उभे रवा, नि ह्याच जरा मोठ्यान सांगा. सून आत आसा. नि तो शेजारचा सावंत, तो अजून माका हूकवालो म्हणता."

मी उठलो. माफी दोघांमधली गोष्ट असते, असं मी इतकी वर्षं समजत आलो होतो. ज्यांच्यासमोर माणसाचं नाव गेलं, त्यांच्याकडे ती मी कधी वळवलीच नव्हती. शेजारचं दार किलकिलं झालं. सून पदराला हात पुसत उंबऱ्यापाशी आली.

"गोण्या जहाजावरूनच फाटक्या आल्या होत्या," मी म्हणालो, डंकाच्या आवाजावर आवाज चढवून. "परबांनी हूक लावला नव्हता. खोटं मी बोललो. परब, मला माफ करा."